काकीचं बदामाचं पान

कुत्र्याने रस्त्यात घाण केली तर ती ओरडायची नाही. तळ्याकाठच्या बदामाखालचं एक रुंद, सुकं पान उचलायची आणि कुत्रा फिरवणाऱ्या माणसापुढे धरायची. विडा द्यावा तसं, दोन बोटांनी.

"घ्या. कुत्रा तुमचा, मंग ह्येबी तुमचाच."

माणूस आधी हसायचा, मग रागवायचा, मग कुणी बघतंय का ते पाहायचा. ती पान धरून उभीच. शेवटी तो वाकायचा. "कोपऱ्यावर नळ हाय, हात धुवा," म्हणून ती पुढे निघायची. त्या वर्षांत तुम्ही पनवेलला तळ्याकाठी सकाळी फिरायला जात असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असेल.

सगळे तिला काकी म्हणायचे. मीही तोंडावर अहो काकी म्हणायची. इथे 'ती' लिहिते, कारण मनात मी तिला कधी अहो म्हटलं नाही.

आम्ही दोघी एकाच मुकादमाच्या हाताखाली झाडू मारायचो. मग घाण करणाऱ्यांना दंड करायला पालिकेच्या ऑफिसने पथक काढलं. साहेबांनी आम्हा बायकांना ओळीत उभं केलं.

"एक बाई हवी. न घाबरता बोलणारी. आणि नाव-पत्ता वाचता आला पाहिजे."

मी चौथी पास. त्या ओळीत वाचता येणारी मी एकटीच. हात पदरातून बाहेर काढला, खांद्यापर्यंत नेला, तेवढ्यात तिचा वर गेला.

"मला येतं सायेब."

तिला सहीपुरती तीन अक्षरं यायची. हे मला माहीत होतं. मी हात परत पदरात घेतला. तिला पथकाचं निळं जाकीट मिळालं आणि माझ्या हातात झाडू राहिला.

दुसऱ्याच दिवशी ती माझ्याकडे आली. "बाय, येवढं वाच ना."

तिची कामाची रीत अशी. उजाडायच्या आत कोपऱ्यावर कुणी कचऱ्याची पिशवी टाकून गेलं, तर ती काठीने पिशवी उघडायची. आत एखादं पाकीट, लाइट बिल, डॉक्टरची चिठ्ठी सापडतेच. ते माझ्यापुढे धरायची. मी हळू आवाजात नाव आणि घर नंबर वाचायची. ती ते ओठांतल्या ओठांत घोकायची. नऊ वाजता पावतीबुक घेऊन पथकाचे कारकून भाऊ आले की, ती तडक त्या दारात पिशवी घेऊन उभी.

"तुमची पिशवी रस्त्यात इसरलात. आनून दिली."

लोक गॅलरीत येऊन बघायचे. कारकून भाऊ म्हणायचे, "काकी, तुमचं वाचन जबरदस्त." ती माझ्याकडे न बघता हसायची. मी खाली बघून झाडत राहायची.

एकदा पेपरात तिचा फोटो आला. "खाली काय लिवलंय गं?" तिने विचारलं. 'धडाडीच्या काकी' असं लिहिलं होतं. मी 'काकी' एवढंच वाचलं.

"येवढाच?"

"एवढंच."

तो कागद तिने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. तेवढा एक शब्द मी तिच्यापासून लपवला, आणि खोटं कशाला सांगू, दिवसभर मला बरं वाटलं.

पुढे एका सकाळी कोपऱ्यावर पिशवी मिळाली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुत्र्याची घाण, आणि गुरांच्या डॉक्टरची कुत्र्याला इंजेक्शन दिल्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर समोरच्या बिल्डिंगचा नंबर, घर तिसऱ्या मजल्यावरचं. त्या बिल्डिंगमध्ये दोनच कुत्रे होते. दुसरा पहिल्या मजल्यावरच्या आजींचा. त्यांचा मुलगा तापट, येताजाता आम्हाला बोलायचा. मला वाटलं, एकदा तरी त्याने हिला चारचौघांत ऐकवावं. मी पहिला मजला सांगितला.

मी खाली जिन्याशी झाडत थांबले, ऐकायला.

"आजी, तुमच्या कुत्र्याची घान हाय. तुमीच ठेवा."

मुलाचा आवाज आला नाही. मग आजी म्हणाल्या, "मोती परवा गेला गं. पट्टा अजून तसाच आहे खुंटीला."

मी दोन पायऱ्या चढून पाहिलं. आजी उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि ती त्यांच्या शेजारी, जाकिटासकट खाली. आजींचा हात तिच्या हातात होता. पिशवी तिने आपल्या मागे लपवली होती.

मुलगा दुपारी आमच्या ऑफिसात तक्रार घेऊन गेला. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"चिठ्ठी कुणी वाचली?"

"मीच वाचली," ती म्हणाली.

साहेबांनी चिठ्ठी तिच्या हातात दिली. "आता वाच." तिने कागद सरळ धरला. तेवढं तिला कळायचं. खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "चष्मा नाय आनला सायेब." कुणीतरी हसलं. तिने चष्मा कधी लावलाच नव्हता.

मी तिच्यामागे चार पावलांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलायचं सोडून मी पदर सारखा करत राहिले. मी बुजरी आहे असं सगळे म्हणतात. त्या दिवशी बुजरेपणा नव्हता.

जाकीट काढताना तिने साहेबांना सांगितलं, "माज्या जागी हिला घ्या. हिला खरंच वाचता येतं." आणि माझ्याकडे बोट केलं. मी काय केलं ते तिला कळलं होतं का, मला आजही माहीत नाही. तिच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. एवढं मात्र आठवतं, की तेव्हासुद्धा मला तिचा हेवा वाटला. असं बोट करणं मला कधी जमलं नसतं.

महिनाभरात ती मुलीकडे उलव्याला गेली. तिकडे बिल्डिंगांच्या कामावर पाणी मारते, असं कुणी म्हणालं. परत दिसली नाही.

जाकीट मला मिळालं. आता नावं मी वाचते, मीच लिहून देते. साहेब म्हणतात, एवढ्या स्वच्छ अक्षरातल्या पावत्या कुणाच्या नाहीत. लोक माझ्याशी वाद घालत नाहीत. पैसे देतात, पावती खिशात घालतात आणि कुत्र्याला घेऊन पुढे जातात. घाण तिथेच पडलेली असते. 'उचला' म्हणायला माझं तोंड उघडत नाही. ते वळणावरून दिसेनासे होईपर्यंत मी थांबते, मग वाकते.