पक्के तीन मण आणि एक पाय

माणूस बारीक होतो तेव्हा अंगावरचं जे जातं ते कुठे जातं, मला माहीत नाही. माझं तरी सगळं किस्स्यांत गेलं. अकोल्याच्या आमच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत चार जण चहाला बसले की कोणीतरी म्हणतंच, "भाऊसाहेब, तुमी जाडे होते तवाची गोठ सांगा ना." एक सांगायला घ्यावी तर तिचं शेपूट धरून दुसरी येते.

तर, मी फॅक्टरीत हेडक्लार्क. वजन पक्के तीन मण. साखरेची बिमारी होतीच, पण आमचं बरं चाललं होतं. ती मला काही म्हणत नव्हती, मी जिलबीला नाही म्हणत नव्हतो. मग एका दिवाळीत नवा जोडा उजव्या अंगठ्याला चावला. फोड आला, फुटला, आणि भरेचना. संक्रांत आली तरी जखम तशीच.

अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांनी आधी पाय पाहिला, मग मला पाहिलं. म्हणाले, "वजन उतरवा. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत." मी घाबरलो. परतीच्या बसमध्ये अकोला येईस्तोवर बायकोचा हात धरून बसलो, तेही लोकांदेखत. शांतानं तो सोडवून घेतला नाही, यावरून ती किती घाबरली होती ते समजा.

* * *

डॉक्टर समजावून सांगणारे होते. म्हणाले, "तुमच्या अंगात इन्सुलिन नाही असं नाही. आहे. पण एवढ्या चरबीमुळे शरीर त्याचं ऐकत नाही."

शांता पटकन म्हणाली, "म्हणजे आमच्या घरी माह्यं जसं कोणी ऐकत नाई तसं."

"तसंच. म्हणून बाहेरून जास्तीचं द्यावं लागतं. सुई रोज घ्यायची."

सुई टोचायचं काम अर्थातच शांताकडे आलं. काचेची पिचकारी पाण्यात उकळायची, औषध भरायचं आणि मांडीत खुपसायची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला संत्र्यावर सराव करायला सांगितला होता. आठवडाभर आमच्या घरी संत्र्यांना इन्सुलिनच्या नावानं साधं पाणी मिळत होतं. मग माझी पाळी आली. सुई लागली आणि मी अशी बोंब मारली की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं.

शांतानं शांतपणे सुई काढली. म्हणाली, "इतके संत्रे टोचले, एकानं हू का चू केलं नाई."

* * *

लघवीत साखर किती, तेही घरीच पाहायचं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्टोव्हवर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत होत विटकरी झालं, तर समजायचं की आदल्या दिवशी मी कुठेतरी तोंड मारून आलो आहे.

शांता स्वयंपाकघरातून निकाल ओरडायची. "आज विटकरी आलं हो! काल काय खाल्लं?" मी बाहेरच्या खोलीतून शपथा घ्यायचो. पुढे पुढे "आज हिरवं आलं" असं ऐकू यायला लागलं, आणि एका सकाळी, "पाहा बरं, कसं सुंदर निळं आलं!"

त्याच दुपारी शेजारच्या काकू विटलेलं लुगडं घेऊन दारात हजर. म्हणाल्या, "शांताबाई, रोज रंगवून राहिल्या तुमी. माह्यंबी हे एक तुमच्या त्या सकाळच्या निळ्यात बुडवून द्या."

* * *

खाण्याचं म्हणाल तर डॉक्टरांचा हुकूम साधा होता. साखर बंद, भात बंद, आलू बंद. एका वेळी ज्वारीची एकच भाकर, पालेभाजी आणि ताक.

मी पंचवीस वर्षं फॅक्टरीचे करारनामे वाचत आलेला माणूस. शांताला म्हणालो, "एकच म्हटलं आहे. केवढी, ते कुठं म्हटलं आहे?"

तिनं मान डोलावली. संध्याकाळी ताट आलं तर भाकर ताटाच्या बाहेर चारी बाजूंनी लोंबत होती. मी खूश. तुकडा मोडायला गेलो तर बोटं आरपार! तिनं नेहमीचाच गोळा घेऊन तो पापडासारखा थापला होता. हे तिला कसं जमलं देव जाणे. मी तोंड वर करून पाहिलं तर म्हणाली, "केवढी ते तुमी सांगितलं. जाडी किती, ते कुठं सांगितलं?"

* * *

डॉक्टरांनी आठवड्याला वजन करायला सांगितलं होतं. अकोल्यातल्या दवाखान्याचा काटा माझ्याखाली दबून गप्प बसायचा, म्हणून मी फॅक्टरीतल्या कापसाच्या काट्यावर उभा राहू लागलो. काट्यावर रहीमचाचा. उभा जन्म त्यांनी कापूस तोलला. कापूस ओला असला की वजनातून थोडं कापतात, त्याला आमच्याकडे कडता म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात अमरावतीच्या वजनापेक्षा चार शेर कमी! मी ऑफिसात पेढे वाटले, आणि वाटता वाटता स्वतःलाही वाटले. दुसऱ्या आठवड्यातही तेच चार शेर कमी. मग अमरावतीला गेलो तर तिथल्या काट्यावर वजन पहिल्यापेक्षा दोन शेर जास्त.

परत येऊन चाचांना जाब विचारला. चाचा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "बाबूजी, वजन बराबर होतं. पण तुमाले घाम किती आला होता! माल ओला दिसला, मी कडता कापला."

* * *

त्यानंतर मात्र खरंच उतरायला लागलो. पेढ्यांची लाज वाटली, आणि पायाची भीती तर होतीच. रात्री पट्टी सोडताना शांता दिवा जवळ धरायची आणि आम्ही दोघं जखम पाहायचो. ती काठाकाठानं लहान होत होती. पण बरी झाली म्हणायची हिंमत कोणाला होत नव्हती.

गाल बसले, गळ्याची कातडी लोंबायला लागली, पायजमा नाडीच्या भरवशावर राहू लागला. आमच्या वऱ्हाडात माणूस वाळला की लोक आधी घाबरतात, मग चौकशी करतात. माझ्या खालोखाल असलेले क्लार्क इंगळे तर रोज संध्याकाळी घरी येऊ लागले. रोज आंबे आणायचे. साखरेच्या रोग्याला आंबे! मी म्हणायचो, "मले चालत नाई इंगळे." ते डोळ्यांत पाणी आणून म्हणायचे, "आता काय पथ्य पाळता भाऊसाहेब, खाऊन घ्या."

एक दिवस मी जरा लवकर ऑफिसात पोचलो तर इंगळे माझ्या खुर्चीत. ही खुर्ची सुतारानं माझ्या मापानं रुंद करून दिलेली. मला पाहून ते उठले नाहीत. दोन्ही हातांनी दोन बाजू चाचपत म्हणाले, "मोठी होईन हो मले. तुमी असेस्तोवर सुताराले बोलावून घ्यावं काय?"

* * *

पुढच्या पोळ्याला जखम भरली. अंगठ्यावर गुलाबी कातडी आली. शांतानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि ढसाढसा रडली. मीही रडलो. पाय राहिला होता.

आठच दिवसांत हिवरखेडहून सासूबाईंचा निरोप आला, की दोघंही या, नवस फेडायचा आहे. जखम चिघळली होती तेव्हा त्या मारुतीला बोलल्या होत्या, "जवायाचा पाय वाचू दे, त्याच्या भारोभार गूळ वाटीन." साखरेच्या बिमारीसाठी गुळाचा नवस. मारुतीला काय वाटलं असेल कोण जाणे.

गावच्या पारावर लिंबाच्या फांदीला धान्याचा मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात गुळाच्या ढेपा रचल्या, दुसऱ्यात मी मांडी घालून बसलो. हात सोडताच गूळ खाली टेकला आणि मी वर लोंबकळत राहिलो. अख्खं गाव हसलं.

पुजारी म्हणाले, "ढेपा कमी करा."

सासूबाई पुढे आल्या. "काहून कमी करा? मी नवस बोलली तवा जवाई तीन मणाचे होते. देवानं तीन मणाच्या माणसाचा पाय वाचवला. आता दोन मण देऊन त्याले फसवू काय?"

"मंग काय जवाईबुवाच्या पारड्यात गोटे टाकता?"

सासूबाईंनी जरा विचार केला. मग मागे वळून म्हणाल्या, "शांते, बस वं त्यायच्या जवळ."

पुजाऱ्यांनी तोंड उघडलं तशा त्या म्हणाल्या, "ते काय परकी आहे?"

माणसांनी पारडं खाली ओढून धरलं. शांता लाजली, पदर खोचला आणि माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. त्यांनी हात सोडला. दांडी हलली, डुलली आणि अगदी मधोमध येऊन थांबली. एक ढेप काढावी लागली नाही, एक घालावी लागली नाही.

शांतानं एकदा दांडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कानाशी येऊन हळूच म्हणाली, "इतके वर्षं मले खांद्यावर घेऊन फिरून राहिले होते तुमी, अन् डॉक्टरले पुसत होते, पाय काहून दुखते म्हणून."