डोंगराची सहा वाक्यं

दादाला लकवा झाला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. हात बराच सुधारला, पण बोलणं एकेका शब्दाला थांबत यायचं. पुण्याला राहणारी त्याची सात वर्षांची नात "आजोबा काही बोलतच नाहीत" म्हणून फोन ठेवून द्यायची. ती कधी थांबलीच, तर वहिनी घाईघाईने त्याचं वाक्य पुरं करून टाकायची.

म्हणून मी ठरवलं, लहानपणी आम्ही दोघा भावंडांनी पुन्हापुन्हा वाचलेली एक अद्भुत कादंबरी नाटकासारखी रेकॉर्ड करून नातीला पाठवायची. पुस्तकाचं मुखपृष्ठ केव्हाच गळलं होतं, आतली पानं शाबूत होती. मी यादी केली. यादीशिवाय माझ्या हातून श्रीखंडसुद्धा होत नाही. भाग आठ, प्रत्येकी दहा मिनिटं. निवेदन माझं, राणी आणि चेटकीण वहिनी, आणि दादाकडे सगळे आवाज: घोड्याच्या टापांसाठी करवंट्या, राक्षसाच्या पावलांसाठी कापडावर नक्षी छापायचे भैरवगढचे जुने लाकडी ठप्पे, ओल्या टॉवेलवर आपटायचे.

यादी वाचून दादा म्हणाला, "आणि... डोंगर... कोण?"

डोंगर सहाव्या भागात बोलतो. वाट अडवून बसलेला, शंभर वर्षांत कुणाशी न बोललेला. त्याची सहाच वाक्यं. ती मी माझ्या निवेदनात घालून टाकली होती.

"मी... करतो."

"वन्सं, झेपेल का यांना?" वहिनी मला म्हणाली, तो समोर बसलेला असताना.

मी यादीत डोंगरापुढे 'दादा' लिहिलं.

रविवारी माधव नगरला त्याच्याकडे पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून रेकॉर्डिंग केलं. एकदा शेजारच्या कुकरने शिट्टी दिली, म्हणून एक वाक्य पुन्हा घ्यावं लागलं. सहा वाक्यांना पाच मिनिटं लागली. दादा घामाघूम झाला.

घरी येऊन मी भाग दहा मिनिटांत बसवायला घेतला. ॲपमध्ये दोन शब्दांमधली शांतता सपाट रेघ होऊन दिसते. मी त्या रेघा कापत गेले. पाच मिनिटांचं एक मिनिट झालं. ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. टावर चौकात पोह्यांवर जास्तीची शेव मागून घेणारा, आजाराआधीचा दादा बोलत होता. फोनमध्ये जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी लगेच पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोघांना ऐकवलं. "अगदी पहिल्यासारखे!" म्हणत वहिनीने डोळे पुसले. दादाने पुन्हा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "हा... मी... नाही."

"तूच आहेस की. मी फक्त मधल्या गॅप काढल्या."

"सगळी मेहनत... त्यातच... होती, छोटी." मी बावन्न वर्षांची आहे, त्याच्यासाठी अजून छोटीच. "ती... याला ऐकेल. मग फोनवर... माझ्यासाठी... कशाला... थांबेल?"

मूळ रेकॉर्डिंग तर मी पुसून बसले होते. तेही सांगून टाकलं.

"बहुत... होशियार," तो म्हणाला आणि वाकडं हसला.

पुढच्या रविवारी डोंगर पुन्हा बोलला. या वेळी मी काहीच कापलं नाही. भाग लांबला, म्हणून राणीचं गाणं काढून टाकलं. वहिनीने त्याची दोन दिवस तालीम केली होती.

"माझंच बरं सापडलं तुम्हा भावंडांना!" ती म्हणाली आणि त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

सहावा भाग पाठवल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. मी तिथेच होते. वहिनीने स्पीकर लावला.

"आजी, डोंगराला फोन दे."

दादा पुढे सरकला. "बोल... बेटा..." आणि अडकला.

"आजोबा विचारतायत, शाळेत..." वहिनीने सुरुवात केली.

"आजी, तू नको ना बोलू! डोंगर बोलतोय."

वहिनी फोनपासून मागे सरली. पलीकडून काहीतरी कुरकुरीत खाल्ल्याचा आवाज येत होता, म्हणजे फोन सुरू होता. मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

"आज... डब्यात... काय... होतं?"

"भेंडी," ती म्हणाली. "तुमच्याकडे?"