पिल न ठेवलेली बाग

मीटिंगला मावा जिलेबी आली, तेव्हाच मी सावध झालो. आमच्या कॉलेजच्या मीटिंगला चहा मिळतो, तोही अर्धा कप. त्या दिवशी मात्र संचालक मंडळातले सेठजी, बुऱ्हाणपुरातले केळीचे व्यापारी, स्वतःच्या हाताने गरम जिलेबी वाढत होते.

विषय होता कॉलेजच्या नव्या इमारतीचा. शहर असं सुटलंय की काल केळी होती तिथे आज कॉलनीची कमान उभी, आणि आमची पोरं खिडकीत बसून तास ऐकतात. जागा दोन होत्या. एक खकनारच्या रस्त्याला, दुसरी शहराच्या पार पलीकडच्या टोकाला.

"पलीकडचीच घ्या," सेठजी म्हणाले. "विकास तिकडेच जातोय. माझं काय, माझं तर तिकडे इंचभर नाही."

त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मी जिलेबीचा दुसरा तुकडा घेतला आणि संशयही.

माझाही जीव खकनारच्या जागेत अडकला होता. माझी भाची डोईफोडियाहून, म्हणजे खकनारच्याच रस्त्याने, रोज बसने कॉलेजला येते. दाजींनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "एका बसने जाईल तोवर शिकेल. उतरून पुन्हा दुसरी गाडी शोधायची तर पोरगी घरी." पलीकडची जागा ठरली की तिचं शिक्षण संपलं.

पुढच्या रविवारी आम्ही पलीकडची जागा बघायला गेलो. प्राचार्य, सेठजी आणि मी. सेठजी हात पसरून हवेत लायब्ररी, कॅन्टीन, मैदान बांधत होते. माझं लक्ष कुंपणाला लागून असलेल्या केळीच्या बागेकडे. माल नुकताच कापलेला. आमच्याकडे घड कापला की बुंध्याजवळ एक पिल राखतात, त्यावर दुसरं पीक येतं. इथे एकाही बुंध्याला पिल नव्हतं. ठिबकच्या नळ्यासुद्धा गुंडाळून नेलेल्या. मी केळीवाल्याच्या घरात जन्मलो, मला कोणी सांगायची गरज नव्हती. या मालकाला पुढचं पीक घ्यायचंच नव्हतं, कॉलेजशेजारी प्लॉट पाडायचे होते.

"बाग कोणाची हो?" मी चहा घेता घेता रस्त्यावरच्या टपरीवाल्याला विचारलं.

"सेठजींच्या साडूंची. का, घ्यायची आहे?"

अहाहा! त्या चहाइतका गोड चहा मी जन्मात प्यालो नाही.

पुढच्या मीटिंगला मी चेहरा अगदी बावळट केला. "सेठजी, तुमच्या साडूंनी यंदा पिलं नाही ठेवली?"

त्यांचा हात बशीवर थांबला. "रोग पडला न सर. व्हायरस. सगळं काढावं लागलं."

"अरेरे. आणि रोगट झाडाला एवढे घड आले? कापलेल्या घडांचे दांडे मनगटाएवढे होते."

प्राचार्यांना एकाएकी खोकला आला. सेठजी अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सर, आपली भाची खकनारच्याच रस्त्याने येते न?"

आता बशीवर माझा हात थांबला. मी म्हणालो, "हो, येते. आणि तिच्यासारख्या पुष्कळ येतात. मी लपवत नाही."

मला वाटलं, आता लढाई. पण सेठजी एकदम हसले. "चला, पोरींची सोय झाली पाहिजे. खकनार रोडच करा. माझी ना नाही."

इतक्या लवकर? केळीचा भाव पाच पैशांसाठी दुपारभर ओढणारा माणूस?

त्या शनिवारी मी भाचीबरोबर बसने डोईफोडियाला निघालो. नवी जागा आली तशी ती खिडकीला नाक लावून बसली. "मामा, इथेच उतरायचं मी? गेटसमोर?"

"इथेच."

"मग बाबा काही म्हणणार नाहीत."

जागेला लागून केळीची बाग होती. माल कापलेला. मी मान लांब केली, बुंधे दिसले, बुंध्यांच्या आसपासची माती दिसली. पिल काही दिसेना.

"काय शोधताय एवढं वाकून?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाला ही बाग कोणाची म्हणून विचारायला उघडलेलं तोंड मिटलं. बस नेपानगरकडच्या वळणाला लागली. भाची अजून मागे वळून गेट कुठे येईल ते बघत होती.