शुभाआत्याचा डिस्को आणि माझी शिस्त

प्रिय ईशा आणि नील,

तुमची शुभाआत्या डिस्कोत गात असे, आणि तिचं करिअर सुरू होण्याआधीच मी ते जवळजवळ संपवलं होतं. परवा फोनवर तुम्ही विचारलंत तेव्हा ती म्हणाली, "आजीला विचारा." तिचं मन बदलायच्या आत मी माझी बाजू लिहून टाकते.

तेव्हा इंदूरच्या मिलना एकामागून एक कुलपं लागत होती. विणाई खात्यात सुपरवायझर असलेले तुमचे आजोबा राजेंद्र नगरच्या घरी बसून होते. मी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. आणि बी.कॉम. झालेली शुभा रविवारी दुपारी पलासियातल्या एका क्लबात कॉलेजच्या पोरांसमोर स्वतःची गाणी गात होती. मागे कीबोर्ड आणि छातीत धडकणारा ठेका.

एक दिवस ती म्हणाली, "आई, मुंबईचे कॅसेट कंपनीवाले येतायत. आवाज त्यांना पसंत आहे. आता फक्त पब्लिक बघतील, मग कॅसेटचं ठरवतील."

पब्लिक चांगलं दिसायला हवं, एवढं मी ध्यानात ठेवलं.

माझ्या माहितीतलं गाणं म्हणजे गणेशोत्सवातलं. सतरंजीवर बसायचं, मान डोलवायची, मध्येच उठायचं नाही. (सतरंजी मी घरून नेलीही होती.) त्या रविवारी आजोबांना घेऊन क्लबात गेले, पाहते तर खुर्च्याच नाहीत, आणि शुभानं तोंड उघडताच पन्नासेक पोरं तिच्याकडे पाठ करून उड्या मारू लागली.

पहिलं गाणं संपताच मी टाळी वाजवली. "सिट डाउन, एव्हरीबडी. गाणाऱ्याकडे पाठ करतात का?"

कुणी ऐकलं नसतं, पण निम्मी पोरं माझ्याच शाळेत शिकून गेलेली निघाली.

"अबे, इंग्लिशवाली मॅडम!"

"बैठ जा भिया, घरी सांगतील त्या."

सगळे मांडी घालून बसले. एकीनं पाणी प्यायला जाऊ का म्हणून हात वर केला. शुभानं दुसरं गाणं सुरू केलं, आणि नेमके कंपनीचे साहेब आत आले.

"ये डिस्को है या सत्संग?" त्यांनी मलाच विचारलं.

"पिन ड्रॉप सायलेन्स," मी अभिमानानं म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि दाराकडे वळले. स्टेजवर शुभाचा सूर थरथरला.

"अहो, काय चुकलं?" मी आजोबांना विचारलं.

"तू शाळा भरवलीस. आता मधली सुट्टी दे."

त्यांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि सरळ पोरांच्या मधोमध जाऊन नाचू लागले. हात मागावर सूत घेऊन धावणाऱ्या धोट्यासारखे इकडून तिकडे, पाय ठेक्यावर. "बंद पडलेलं खातं असंच चालू करतात," ते ओरडले, "आधी एकानं उठायचं."

पोरं हसली, पण उठली नाहीत. सगळी माझ्याकडे बघत होती.

"गेट अप," मी म्हणाले.

इतक्या तत्परतेनं माझं वर्गातही कुणी ऐकलं नव्हतं. दोन मिनिटांत अख्खा क्लब धोट्यासारखे हात हलवत होता. साहेब दारातून परत आत आले.

कॅसेट निघाली. शुभा पुढे भोपाळ, मुंबई, दुबईच्या क्लबांत बरीच वर्षं गायली. आता तो क्लब नाही, कंपनी नाही, घरात टेपरेकॉर्डरही नाही. एक कॅसेट तेवढी माझ्या कपाटात आहे. आतल्या कागदावर शुभानं वादकांचे, तुमच्या आजोबांचे आणि क्लबच्या वॉचमनचेही आभार मानलेत. माझं नाव नाही; मी भिंगानं दोनदा पाहिलं.

तुमची,
आजी