रंगवलेला सांधा

“तिला खाली जायाचा हाय. जाऊ द्या.”

आभाळ गुरगुरलं की धनाजी नाखवा हेच म्हणायचा. दिवाळे गावच्या बंदरावर उभा असो की घरात जेवायला बसलेला असो, वीज चमकली की मान वर न करता एवढं बोलायचा आणि गप्प व्हायचा. लोकांना वाटायचं, नाखवा विजेला देवीसारखा मान देतो. त्याची बायको बाळाबाई, तिलाही लग्न होऊन या घरात आल्यापासून तेच वाटत आलं होतं.

धनाजीची होडी केव्हाच विकली गेली होती. गुडघे गेले, दर्या सुटला. राहिला होता तो खांब. मच्छीमार सोसायटीच्या खोलीला लागून तो लोखंडी खांब उभा होता, काठावरच्या माडांहून उंच, आणि त्याच्या टोकाला वायरलेसची काठी. बाहेर गेलेल्या होड्यांशी बोलायचं ते तिच्याच जोरावर. आत सेटवर शिवा बसायचा, नुकतं लग्न झालेला, गोड गळ्याचा. पण खांब धनाजीचा. खोलीची चावी त्याच्या कमरेला असायची, आणि ती वाजवत तो गावातून असा चालायचा की जणू अजून त्याचीच होडी पाण्यात आहे.

खांबाच्या पायथ्यापाशी, छातीएवढ्या उंचीवर, एक तांब्याची पट्टी बोल्टांनी आवळलेली होती. तिथून ती जमिनीत उतरायची, मीठ आणि कोळसा भरलेल्या खड्ड्यात. दरवर्षी पावसाळ्याआधी धनाजी तो सांधा उघडायचा. कानशीनं लोखंड घासून उघडं करायचा, तांबं चकाकेपर्यंत पुसायचा, धातूला धातू भिडवून बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस थापायचा. एवढं उंच लोखंड उभं केलं म्हणजे त्याच्यावर कधीतरी वीज उतरायचीच. पट्टीतून मातीत जायला मिळालं तर ती मुकाट जाते. नाही मिळालं तर वायरीतून खोलीत शिरते. खांब उभा करायला आलेल्या माणसानं हे त्याला समजावून सांगितलं होतं, आणि धनाजीनं ते पेटीतल्या सोन्यासारखं जपलं. कुणी विचारलंच, तर म्हणायचा, “तुमाला काय करायचाय? मी हाय ना.”

यंदा आषाढात बंदराच्या शेवाळलेल्या पायरीवरून तो घसरला आणि पाय मोडून घरात पडला. नारळी पौर्णिमा तोंडावर आली. त्या दिवशी दर्यासमोर गंजकं काही ठेवायचं नाही, ही दिवाळ्याची रीत. होड्यांना रंग लागतो, दारांना लागतो, देवळाच्या कुंपणाला लागतो. खांबाचा खालचा भागही दरवर्षी धनाजी रंगवायचा, सांधा तेवढा सोडून. यंदा बाया बाजारात बाळाबाईला टोचू लागल्या, “नाखव्याचा खांब यंदा तसाच काय गो?”

बाळाबाईनं कुणाला न सांगता रंगाचा डबा उचलला. हात पोचेल तिथवर खांब निळा केला. मधेच तो ग्रीसनं काळा पडलेला सांधा दिसला. आजारी नवऱ्याच्या कामात एवढा डाग राहिलेला तिला बघवेना. तिनं नवऱ्याचा पाना आणून बोल्ट सैल केले, ग्रीस रॉकेलनं धुतलं, आणि आतून बाहेरून, लोखंडाला आणि पट्टीला, होडीचा तेलरंग दोन दोन हात दिला. वाळू दिला, मग पुन्हा आवळलं. घरी आल्यावर म्हणाली, “खांब रंगवला.” धनाजीनं भिंतीकडे तोंड केलं. “बरा केलास,” एवढंच म्हणाला. सांध्याचं त्याच्या मनात आलंही असेल. पण मग सांधा म्हणजे काय, हे बायकोला सांगत बसावं लागलं असतं.

पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या, आणि सेट खरखरू लागला. शिवा घरी येऊन म्हणाला, “नाखवा, काल होडीवाल्यांचा आवाजच फुटत व्हता.”

“बॅटरी बघ,” धनाजी खाटेवरून म्हणाला.

परतीच्या पावसात, भर दुपारी, खांबावर वीज पडली. रंगलेल्या सांध्यापाशी अडली, ठिणग्या उडवत वायर धरली आणि खोलीत घुसली. सेट जळून काळा झाला. शिवा वाचला, पण बोलायचं यंत्र त्याच्या कानाशी होतं. तळहात भाजला, आणि उजव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

नवा सेट बसवायला बेलापुरातून मेकॅनिक आला. त्यानं सांधा उघडला, स्क्रूड्रायव्हरनं खरवडला. निळे पापुद्रे निघाले.

“हे कोणी रंगवलं? अर्थिंगच तोडून टाकलंय राव.”

सोसायटीचा चेअरमन कान्हा धनाजीकडे वळला. धनाजी काठीवर भार देऊन उभा होता. पापुद्र्यांचा रंग त्यानं पाहिला. घराच्या दाराला होता, तोच.

तेवढ्यात बाळाबाई पाटी खाली ठेवून पुढं आली. “मी रंगवला. त्यांचा पाय मोडलेला व्हता. त्यांना काय बोलू नका.”

कान्हा हसला. “वैनी, नवऱ्याला वाचवायचाय, ते समजतो. पन तुमी पाना धरलात? मासली कापायचा कोयता नाय तो!”

लोक हसले. बाळाबाई नवऱ्याकडे वळली. “सांगा ना तुमी. खाटेवर व्हतात ना?”

धनाजीनं काठी जमिनीवर आपटली. “माझ्या सांगन्याबिगर खांबाला कोन हात लावत नाय. मीच सांगितला तसा तिनं रंगवला. चूक माझी.”

शिवाची आई गर्दीतून म्हणाली, “पोराचा कान गेला, आनि हा चूक म्हनतो!” मग कुणीच हसलं नाही. कान्हानं हात पुढं केला. धनाजीनं कमरेची चावी सोडून त्या हातात ठेवली. खांब आता बाहेरची माणसं बघणार होती.

घरी बाळाबाईनं चूल पेटवली नाही. “खोटा का बोललात?”

“मग काय सांगू? माझा खांब बायकोनं बिघडवला?”

“मना वाचवला असा वाटून घेऊ नका. तुमी तुमचा मान वाचवलात. तोही नाय वाचला.” तिचा आवाज चढला नाही. “आख्खा जलम ऐकला, खाली जायाचा हाय, खाली जायाचा हाय. कुठून जायाची ती, एकदा तरी दाखवलात? त्या पोरानं सांगितला सेट खरखरतो. तवा तरी बोलायचा व्हता.”

“तुला कलला असता?”

“बोल्ट उघडायला कलला ना!”

धनाजीनं आपला वाकडा पाय हातानं उचलून सरळ केला. मग म्हणाला, “मी करंजाड्याला जातो. शिवतेजकडं.” शिवतेज त्यांचा मुलगा, तिथं फ्लॅट घेऊन राहणारा. बाप आपल्याकडं यावा म्हणून त्यानं कितीदा सांगितलं होतं, आणि धनाजीनं दर वेळी त्याला झिडकारलं होतं.

“जा,” बाळाबाई म्हणाली.

सकाळी तो निघाला. हातात पिशवी, दुसऱ्या हातात काठी. बंदरावरच्या रस्त्यानंच जावं लागत होतं. जवळा वाळत घालणाऱ्या बायांनी हात थांबवले. कुणी ‘नाखवा’ म्हणून हाक दिली नाही. सोसायटीच्या पायरीवर शिवा बसला होता, कानाला कापूस लावून. धनाजी त्याच्या उजव्या बाजूनं जाताना काहीतरी बोलला. शिवाला कळलं नाही. त्यानं मान वळवली तोवर नाखवा पुढं निघाला होता.

बाळाबाई वाळवणापाशी उकिडवी बसली होती. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली, आणि उठली नाही.