सतरंजीवर मांडलेली टेप

बांगलादेशची लढाई संपून वर्ष झाले होते. मी लष्कराच्या सिग्नल दलात नायक, पोस्टिंग नगरला, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका तुकडीत. पुढे उजवा कान गेला आणि मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवले. आता कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

आमच्याकडे दोन टेप मशीन होती. रेंजवर गाडी धावताना ड्रायव्हर आणि कंट्रोल वायरलेसवर जे बोलत, ते आमच्या वेगळ्या रिसीव्हरवरून दोन्ही मशीन एकाच वेळी उतरवून घेत. एक मेन, दुसरे स्टँडबाय.

सकाळी सहाला काम सुरू. टेप ज्या धातूच्या ठोकळीवरून घासत जाते तिला हेड म्हणतात. ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचे. टेपची रिळे, म्हणजे स्पूल, डब्यात, डबे उभे, स्पीकरपासून लांब, कारण त्यातले लोहचुंबक टेपवरचा आवाज पुसते. मला या यंत्राचे भारी कुतूहल. या तपकिरी पट्टीत माणसाचा आवाज राहतो तरी कुठे? माझे वरिष्ठ हवालदार शमुवेल, नगरचेच ख्रिस्ती, म्हणायचे, "राहतो कुठे ते देवाला विचार. जातो कुठे ते मी सांगतो. धुळीत."

त्या दिवशी इन्स्पेक्शन होते. फौजेत इन्स्पेक्शन म्हणजे किट लेआउट. असेल नसेल ते सतरंजीवर, रांगेत, उघडे. मोजे, मेस टिन, वस्तरा. सुभेदारसाहेबांनी टेपही मांडायला लावल्या.

"साहेब, डब्यातच राहू द्या," शमुवेल म्हणाले.

"डब्यात टेप आहे का भाकरी, मोठ्या साहेबांना कसं कळणार? काढा झाकणं."

काढली. मीही काढली. सात ते नऊ, दोन तास टेप उघड्यावर पडून होत्या. दोरी धरून रांग सरळ केली होती. पाऊस न झालेले वर्ष, समोरून गाड्यांची ये-जा. मोठे साहेब आले, "गुड" म्हणाले आणि गेले. त्यातलेच दोन स्पूल आम्ही मशीनवर चढवले. वेळच नव्हता.

११:०० वाजता चाचणी सुरू झाली. गाडीत एकटा ड्रायव्हर, रणगाडा दलातला सवार ज्ञानदेव. पाथर्डीकडचा, माझ्याच वयाचा. निघताना म्हणाला, "नायकसाहेब, माझा आवाज डब्यात भरून ठिवता, आन् मला कवा ऐकवत न्हाई."

"गाणं म्हण, मग ऐकवतो."

"गानं म्हनलं तर मशीन राजीनामा देईल."

११:१४ ला मेन मशीनची टेप धुळीने अडकली आणि तुटली. ११:२० ला उतारावर ज्ञानदेवच्या गाडीने झेंड्यांनी आखलेली लेन सोडली आणि ती दगडी बांधावर आदळली. तो जागीच गेला.

दुपारी एक वाजता रिपोर्टचा मसुदा टाइप होऊन तयार. 'ड्रायव्हरने न कळवता लेन सोडली. निष्काळजीपणा.' कंट्रोलचे मेजर म्हणाले, सेटवर नुसती खरखर होती. चौकशी दुसऱ्या दिवशी दहाला. माणूस अजून शवागारात आणि ठपका कागदावर! मला संताप आला, आजही येतो.

राहिले स्टँडबाय. टेप लावली. घोंगडीखाली कोणीतरी कुजबुजावे तसा आवाज, मग तोही गेला. शमुवेलांनी लगेच मशीन बंद केले.

"उतरलंच नाही का?" मी विचारले. "रेकॉर्डिंगच्या वेळी मशीनचा काटा तर हलत होता."

"काटा आत येणाऱ्या आवाजावर हलतो. टेपवर काय उतरलं, ते काट्याला काय माहीत?"

म्हणजे दोनच शक्यता. धुळीमुळे आवाज टेपवर चढलाच नसेल, तर तो कायमचा गेला. चढला असेल आणि आता मळलेले हेड वाचत नसेल, तर तो आहे. भिंग लावून हेड पाहिले. वर करडा थर.

"पुन्हा लावून बघू?"

"धुळीसकट घासलीस तर असलेलंही खरवडून जाईल. आधी टेप पूस. हाताने."

दोन वाजता बसलो. शमुवेल स्पूल बोटाने फिरवत, मी मऊ कोरड्या कापडाच्या घडीतून टेप सोडत होतो. दर वितीला कापड बदलायचे. ताण दिला तर टेप लांबते, ढिली सोडली तर दुमडते. सात वाजेपर्यंत माझा बनियनसुद्धा फाडून संपला होता. मग हेड स्पिरिटने पुसले, वाळू दिले आणि मशीन चालू केले.

आधी खरखर. मग स्वच्छ: "कंट्रोल, ब्रेक धरंना. खाली मानसं हायेत. डावीकडं घेतो. ओव्हर."

मग मेजरांचा आवाज: "से अगेन. ओव्हर."

पुढे काही नाही.

उताराच्या टोकाला झेंडे गोळा करणारे दोन मजूर पाठमोरे उभे होते. ते वाचले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती टेप चौकशीत वाजली. 'निष्काळजीपणा' खोडून 'ब्रेक निकामी' लिहिले गेले. टेप सतरंजीवर का मांडल्या, हे मात्र कोणी विचारले नाही. मी विचारले. उत्तर मिळाले, "नायक, यू मे गो."

रजा मिळताच पाथर्डीला गेलो. घराला कुलूप, आई-वडील ऊसतोडीला गेलेले. पुणतांब्याजवळ त्यांची कोपी, उसाच्या पाचटाची झोपडी, सापडली. वडील उसाच्या फडात होते. मी त्याच्या आईला बदललेल्या रिपोर्टचा कागद वाचून दाखवला.

"कागद ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यो काय बोलला ते सांगा."

शब्दन् शब्द सांगितला. ती उसाच्या मोळीवर बसून ऐकत होती.

"मानसं वाचली म्हंता?"

"दोघंही."

"कोनाची हुती? नावं काय त्यांची?"

टेपचा वेग मला ठाऊक होता. ज्ञानदेव बोलला ते मिनिट ठाऊक होते. ती दोन नावे मी कोणाला विचारलीच नव्हती.

"ठाऊक नाही, आई."

ती कोयता घेऊन उठली. "त्यालाबी ठावं नसतील."