बहिणीच्या सासूबाईंचं कृष्णविवर

कशाचीही शंका नसलेली माणसं जगात दोन-चारच असतील. त्यांतल्या एक माझ्या बहिणीच्या सासूबाई. मिठबावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या. या वयात बाकीच्या बायका गुडघे धरून बसतात. यांनी कृष्णविवर धरलं. तारा स्वतःच्या वजनाने कोसळतो, त्याच्याभोवती क्षितिज तयार होतं आणि त्याच्या आतून प्रकाशसुद्धा परत येत नाही, असं जग मानतं. सासूबाईंना ते नामंजूर. कोसळता कोसळताच ताऱ्यातून क्वांटम किरण सुटतात, त्यांत तो झिजत जातो आणि क्षितिज होण्याआधीच संपतो. म्हणजे कृष्णविवर होतच नाही! हे त्यांनी आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांना ऐकवलं, मालवणच्या एसटीत कंडक्टरला ऐकवलं, सत्यनारायणाला भटजींना ऐकवलं. भटजी चाचरत म्हणाले, "पण शास्त्रज्ञ तर वेगळं सांगतात." "सांगांदेत. तुमी पोथी वाचा," सासूबाई म्हणाल्या. वह्यांवर वह्या भरल्या. एकदा बहीण कुरकुरली, "आई, जेवाण थंड झाला." तर उत्तर आलं, "सूर्यसुद्धा थंड जातलो गो, जेवणाचा काय घेऊन बसलंस?"

गेल्या उन्हाळ्यात शेजारी पुण्याची एक संशोधिका सुट्टीला उतरली. तिचा विषय हाच, हे कळताच सासूबाईंनी सगळ्या वह्या तिच्यापुढे ठेवल्या. पोरगी भली, दोन दुपारी पडवीत बसून तिने पान न् पान वाचलं. मीही तेव्हा तिथेच होतो. घरात कोणी मोठ्याने बोलेना. शेवटी ती म्हणाली, "बाई, गणित सुरेख आहे. पण सगळीकडे तुम्ही लांबून बघणाऱ्याचं घड्याळ धरलंय. ताऱ्याच्या स्वतःच्या घड्याळाने क्षितिज क्षणात होतं. तेवढ्यात बाहेर पडणारे किरण नगण्य. तारा वाचत नाही."

सासूबाईंनी चष्मा पुसला, ते पान पुन्हा तपासलं. बराच वेळ लागला. मग लाल पेन मागवून, पोरांच्या वहीवर मारायच्या तशीच ठसठशीत फुली मारली, आणि पोरीला निवडक हापूसची पेटी बांधून दिली.

ती गेल्यावर मी म्हटलं, "माई, वायट वाटून घेव नकात."

"माका कशाक वायट वाटात?" त्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतक्या वर्षांत 'तू चुकलंस' असा माका कोण म्हणूक नाय रे. तसा म्हणूक आधी कोणीतरी वाचूक व्हया मा."